चार नंबरची खिडकी

आपल्याच सहीचं पत्र आपल्याच घरात, जेवणाच्या टेबलावर उघडं पडलेलं पाहायची वेळ माणसावर सहसा येत नाही. ऋचावर ती आली बुधवारी संध्याकाळी, पायातली एक चप्पल निघालेली आणि दुसरी निघायची असताना. टेबलावर भिजवलेल्या अवरेकाळूंचं पातेलं होतं. पुण्याकडच्या माणसानं याला वालाचे ओले दाणे म्हणावं, पण मैसुरात जानेवारीत असं म्हणायची सोय नाही. पातेल्याशेजारी सोललेल्या सालांचा ढीग, ढिगापलीकडे अप्पांचं चष्म्याचं घर, आणि त्याखाली ते पत्र, सुरीनं नीट कापलेल्या पाकिटावर. आधी तिनं सही ओळखली. सही कुठल्याही अंतरावरून ओळखू येते. मग रुग्णालयाचं नाव. मग मजकूर, जो तिला आधीच पाठ होता. आणि शेवटी पत्ता, तो मात्र कन्नडमधला, अक्षर अक्षर लावत वाचायचा. तुं. गा. मग एस. तुंगा एस. यांच्या कुटुंबीयांस. तुंगा म्हणजे तिची सासू, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं. ऋचा लग्न होऊन या घरात आली त्याच्या दोन वर्षं आधीच ती गेली होती, आणि भिंतीवरच्या फोटोत ती कायम कुणाला तरी आत या म्हणत असल्यासारखी उभी होती. ऋचानं दुसरी चप्पल काढली आणि ती हातातच धरून उभी राहिली.

स्वयंपाकघरातून अप्पा आले. शेषगिरी मास्तर, वय शहात्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, हात पुसायच्या फडक्यालाही घडी घालून ठेवणारे. "आलीस? कॉफी टाकतो. स्वल्प थांब," ते म्हणाले आणि तिच्या हातातल्या चपलेकडे पाहून न पाहिल्यासारखं करत परत आत गेले. बस्, एवढंच. पत्राबद्दल अवाक्षर नाही. कॉफी झाली, तिचा नवरा श्रीनिधी या आठवड्यात बंगळूरला आहे त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी झाली, दुधवाल्याच्या नातीला शाळेत बक्षीस मिळालं तेही सांगून झालं. अप्पा बोटांच्या चिमटीत दाणा धरून दाबत होते, साल मागे राहून दाणा टुणकन पातेल्यात पडत होता. नेहमीसारखाच. की जरा जोरात? ऋचाला ठरवता येईना. एखादा माणूस रागावला आहे की नाही हे त्याच्या अवरेकाळू सोलण्यावरून ओळखायची पाळी तिच्यावर आली होती, आणि यात दोष सर्वस्वी तिचाच होता.

ऋचा हुशार, यात वाद नाही. पण हुशार माणसांची खोड अशी की ती चूकही शिस्तीत करतात, समास सोडून, जावक क्रमांक टाकून. पुण्यात ती एका बड्या रुग्णालयात होती. तिथला समाजसेवेचा वार्षिक अहवाल म्हणजे गुळगुळीत कागदावरचं लग्नाच्या अल्बमसारखं पुस्तक. त्यात शिबिराच्या मांडवाचं भाडं समाजसेवेत, मांडवावरच्या फलकाचा खर्च समाजसेवेत, आणि फीत कापायला आलेल्या पाहुण्याची शालसुद्धा समाजसेवेत. शिबिरात तपासलेल्या माणसांचं पुढं काय झालं हे मात्र पुस्तकात कुठंच नसे. ती ते पुस्तक करत असे आणि चांगलं करत असे, आणि घरी आल्यावर तिला हात धुवावेसे वाटत. मैसुरात नंजम्मा धर्मादाय रुग्णालयात ती लागली तेव्हा तिला मागचे अहवाल दाखवले गेले. दरवर्षी दीड पान. इतकी बाळंतपणं, इतक्या शस्त्रक्रिया, एच. डी. कोटे तालुक्यात जाणारी बुधवारची फिरती दवाखान्याची गाडी, परिचारिकांचं शिक्षण, आपले नम्र. मोफत किंवा सवलतीत किती जणांवर उपचार केले? रकाना कोरा. पहिल्यांदा तिला वाटलं, करतच नसतील. मग तीन महिने वॉर्डांमधून फिरल्यावर कळलं की इथं निम्मं रुग्णालय पुरते पैसे न देताच बरं होऊन घरी जातं, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. तिथं मूठभर करून पोतंभर लिहायचे आणि इथं पोतंभर करून लिहायला लाजायचे. तिचा जीव या जागेवर जडला तो तिथंच. आणि जीव जडला म्हणूनच तिनं ठरवलं, हे जगाला दिसलं पाहिजे.

निमित्तही तसंच होतं. कोट्याची ती गाडी म्हातारी झाली होती. कबिनीच्या पाण्यामागच्या वाड्यांवर जाणारी, औषधं, एक डॉक्टर आणि दोन परिचारिका घेऊन सकाळी सहाला निघणारी. नवी गाडी आणि पाच वर्षांचा खर्च द्यायला एक मोठी संस्था तयार होती. तिची अट एकच, लाभ झालेल्या लोकांची सहीनिशी कबुली हवी. गैर काही नव्हतं त्यात, ठकलेले लोक अशाच अटी घालतात. पण कबुली आणायची कुठून? नंजम्मात मोफत रोग्याचा कागद वेगळ्या रंगाचा नव्हता, वेगळी रांग नव्हती, वेगळा वॉर्ड नव्हता. फक्त चार नंबरच्या खिडकीत, जिथं घरी जायच्या वेळी हिशेब होई, तिथल्या जुन्या वहीत काही नावांपुढं पेन्सिलीनं दिलेलं एक टिंब होतं, सवलतीची खूण म्हणून. वह्या संगणकात चढवणाऱ्यानं इमानानं टिंबंही चढवली होती. ऋचानं टिंबांची यादी काढली. चारशे बारा नावं, सगळी कन्नडमध्ये. ती वाचायला तिला आठवडा लागला असता म्हणून तिनं वाचली नाही. मजकूर तेवढा तिचा: 'आपल्या उपचारांचा मोठा भाग आमच्या ट्रस्टने सोसला आहे. मिळालेल्या लाभाचे स्वरूप सोबतच्या तक्त्यात लिहून सही करून पाठवावे.' सही एकदाच करून छापून घेतली. पत्रं दोन आठवडे थोडीथोडी करून टपालात पडत गेली. त्या चारशे बारांत आपल्याच घरचा पत्ता आहे हे तिला कळायला टपालवाला यावा लागला.

चार नंबरच्या खिडकीत पूर्वी गंगाधरराव बसत. आता निवृत्त झालेले, पण गुरुवारी रक्तदाब दाखवायच्या मिषानं यायचे आणि दोन तास रेंगाळायचे. त्यांनी पत्रांचा गठ्ठा पाहिला होता. "पत्रं बेडा ताई, नकोत," एवढंच म्हणाले होते. का नकोत, हे तिनं विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना नवीन काहीच नको असतं अशी स्वतःची समजूत घालून तिनं त्यांना खुर्ची दिली आणि गठ्ठा दिला शिपायाकडे. आता त्या 'नकोत' या एका शब्दाची तिला रात्रभर आठवण येत राहिली.

कारण अप्पांची ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. ते फार बोलणारे नव्हेत. पण वर्षातून एकदा, तुंगाच्या श्राद्धाच्या दिवशी, पानं वाढून झाली की ते ती सांगत आणि एकाच चालीवर सांगत. तुंगा चौदा महिने आजारी होती. पोटातलं दुखणं. शाळेची निवृत्ती झालेली, निवृत्तिवेतन बेताचं, श्रीनिधी पुण्यात नवी नोकरी धरून बसलेला. अप्पांनी जयलक्ष्मीपुरमच्या बंगल्यांतून मुलांना चित्रकलेच्या शिकवण्या धरल्या, पाच घरं, सायकलवरून. आठवडाभराचं जे मिळेल ते पाकिटात घालून दर शनिवारी चार नंबरच्या खिडकीत भरायचं आणि पावती घ्यायची. पावतीवर छापलेलं असायचं, बाकी काही नाही. धाकटा भाऊ मनोहर, विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर, जयलक्ष्मीपुरमलाच राहणारा, एका सकाळी नोटांचं पाकीट घेऊन आला. अप्पांनी ते त्याच्याच खिशात परत घातलं. माझ्या बायकोचं मी बघीन, म्हणाले. मनोहर म्हणाला, गर्वानं बायको जगत नाही. झालं. त्या दिवसापासून भावाभावांत बोलणं नाही. तुंगाला नेलं त्या दिवशी मनोहरराव स्मशानात सगळ्यात मागे उभे होते आणि मागूनच निघून गेले. गोष्टीचा शेवट ठरलेला असे. "तुंगेला काही कमी पडू दिलं नाही, आणि कुणाचं काही घेतलंही नाही. आयतु, झालं. जेवा." हे आयतु म्हणताना त्यांची मान किंचित वर होई. बायको गेलेल्या माणसाजवळ जे काय उरतं, त्यात त्यांच्याजवळ मुख्य हेच उरलेलं होतं. आणि सुनेनं टपालखर्च करून ते काढून घेतलं होतं.

सून म्हणून आली तेव्हा तिला कन्नडचा गंध नव्हता. अप्पांनीच शिकवलं. चित्रं म्हणून शिकवलं. अक्षर काढायचं आणि त्याला कान, शेपूट, पोट लावून दाखवायचं. हे बघ, हा जेवून बसलेला माणूस, हा मांडी घातलेला, ही वेणीवाली. तेरा वर्षांपूर्वी याच टेबलावर, मुलांच्या चित्रकलेच्या वहीत. 'तुं' शिकवताना ते जरा थांबले होते आणि म्हणाले होते, हे मला चांगलं येतं. माहेराहून निघताना आई म्हणाली होती, परक्या मुलखात जातेस, जपून. परका मुलूख तिला कधी भेटलाच नाही, अप्पा आडवे आले. आणि आता त्यांनीच शिकवलेल्या अक्षरांचा कंटाळा करून तिनं यादी वाचली नव्हती. वाचली असती तर? तर एक पत्र काढून घेतलं असतं. आणि मग उरलेल्या चारशे अकरा घरांत कोण कोण टेबलाशी बसलेलं असेल, हा विचार तिला कधी शिवलाही नसता. हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली, अगदी उघडी, कान तापवणारी.

गुरुवारी सकाळी अप्पा तिच्या आधी आवरून बाहेर पडले. कुठे, ते सांगितलं नाही. कचेरीत तिच्या टेबलावर आधी गेलेल्या पत्रांची उत्तरं येऊन पडली होती, साठ-पासष्ट. तिनं एकेक उघडायला घेतली. सह्या चार-दोन. बाकी प्रत्येक पाकिटातून तेच निघत होतं, पावती नाहीतर तिची झेरॉक्स. कुणाची पावती लॅमिनेट केलेली, कुणाची देवाच्या फोटोमागे ठेवून कुंकू लागलेली. सोबत चिठ्ठी, कुणाकडून तरी लिहवून घेतलेली. मी सगळे पैसे भरले आहेत, पावती जोडली आहे. आमच्या आईचे पूर्ण पैसे भरले, चूक दुरुस्त करावी. आम्ही गरीब आहोत पण बुडवे नाही. अकराच्या सुमाराला कोट्याहून एक बाई आली, पहिल्या बसनं, डोक्यावर रागीचं, म्हणजे नाचणीचं, गाठोडं घेऊन. आठ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा पाय इथं वाचला होता. ती भांडली नाही. गाठोडं ऋचाच्या टेबलापाशी ठेवलं आणि विचारलं, माझं किती राहिलंय ते नीट सांग, दर सुगीला असं एक आणीन. काही राहिलेलं नाही, असं ऋचानं परोपरीनं सांगितलं. बाईनं पत्रावर बोट ठेवलं. मग हे का पाठवलंस? बाईनं गाठोडं काही परत नेलं नाही.

गंगाधरराव बाहेर बाकावर बसले होते, बाहीवर रक्तदाबाच्या पट्ट्याची घडी उमटलेली. ऋचा त्यांच्याशेजारी जाऊन बसली. रागच आला होता तिला, पण कुणाचा हे ठरत नव्हतं. "तुम्ही माझ्या सासऱ्यांना फसवलंत," ती म्हणाली.

"कोण सासरे?"

"शेषगिरी मास्तर. तुंगा एस."

गंगाधररावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "अय्यो, मास्तरांची सून का तू? मला कुणी सांगितलंच नाही." मग त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "फसवलं म्हणजे काय ग? पावतीवर लिहिलंय, बाकी काही नाही. नव्हतीच बाकी. ट्रस्टनं सोडली म्हणजे सुटली. खोटं कुठाय त्यात?"

"ते समजतात, त्यांनी सगळं भरलं."

"भरलंच की. त्यांच्याकडं होतं तेवढं सगळं भरलं." ते हळू बोलत, मराठीत कन्नड आणि कन्नडमध्ये मराठी मिसळत, तिच्या तोंडाकडे बघून तिला कळेलसं. "हे बघ, हे रुग्णालय काढणाऱ्या थोरल्या डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेलं. त्या म्हणायच्या, फुकटात बरा झालेला माणूस पुढच्या वेळी यायला लाजतो. दुखणं अंगावर काढतो, आणि आणतात तेव्हा हातात काही राहत नाही. पैसे भरून गेलेला हक्कानं येतो, पहिल्या दिवशी येतो. तर प्रत्येकाकडून घ्यायचं. झेपेल तेवढं घ्यायचं, आणि पावती सगळ्यांना एकच द्यायची. झेपेल किती, ते खिडकीतल्यानं ओळखायचं."

"कसं ओळखायचं?"

"उत्पन्नाचा दाखला मागितला तर माणूस खोटं बोलतो नाही तर रडतो. मी एकच विचारायचो. आज घरी जेवायला किती जण? हे विचारलं की माणूस बोटं मोजायला लागतो, आणि मोजताना खोटं सुचत नाही. म्हातारी आई, दोन लेकरं, बहिणीचं एक. मग मला कळायचं." त्यांनी बाही खाली ओढली. "मास्तरांना विचारलं तर म्हणाले, दोघं. मी आकडा मनात धरला. मग तेच म्हणाले, नाही, एकच. ती आता जेवत नाही." गंगाधरराव खिडकीकडे बघत होते. "मी नाकाला रुमाल लावला, सर्दी झाली म्हणालो. टिंब दिलं. दर शनिवारी सायकलला घोडी लावून, शर्टाची बटणं नीट करून यायचे. त्यांना नको म्हणायची माझी काय छाती होती?"

ऋचानं आयुष्यात पुष्कळ अहवाल लिहिले होते, पण मान खाली घालून ऐकावं असं त्यात तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. एका खिडकीत बसून एका साध्या कारकुनानं तीस वर्षं माणसं घरी पाठवली होती, ताठ, पावतीसकट, आणि स्वतःच्या नावावर एक ओळ लिहून घेतली नव्हती. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ती पडली नाही, तिनं त्यांना कॉफी आणून दिली. दुपारी तिनं उरलेल्या चारशे अकरा घरांना लिहायला घेतलं, की पत्र चुकून गेलं, आपली पावती बरोबर आहे, आपली बाकी काही नाही. या वेळी सह्या छापल्या नाहीत. यादीही वाचली, एकेक नाव, अक्षर अक्षर लावत. मग त्या संस्थेला लिहिलं की नावं आणि कबुल्या मिळणार नाहीत. आपला माणूस पाठवा, तो वही पाहील, टिंबं मोजील, खिडकीपाशी एक दिवस बसेल आणि मग काय ते ठरवा. गाडी हातची जाईल याची तिला धास्ती वाटत होती. पण ते पत्र लिहिताना तिचा हात थांबला नाही.

राहिले होते अप्पा. यादीतल्या बाकीच्यांना चुकून गेलं म्हणता येत होतं, अप्पांना म्हणता येत नव्हतं. ते तिचं टेबल ओळखत होते, तिचे रात्रीचे कागद ओळखत होते. गुरुवारी संध्याकाळी ते आले ते थेट आंघोळीला गेले. शुक्रवारी सारात मीठ पडलं नव्हतं, तसंच दोघांनी खाल्लं. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा ती पाणी प्यायली. शनिवारी सकाळी मात्र ती कॉफी घेऊन आली तर ते टेबलाशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, समोर तक्ता, पेनाचं टोपण बाजूला.

"बस ग स्वल्प," ते म्हणाले. ती बसली. "मनोहरकडे जाऊन आलो परवा."

"काकांकडे?"

"दार त्यानंच उघडलं. पंधरा वर्षांनी भाऊ दारात आला, तर विचारतो काय, कॉफी की टी. बायकोनं आतून हाक मारली, कोण आहे म्हणून, तर म्हणाला, आपलेच आहेत." अप्पांनी टोपण उचललं, परत ठेवलं. "मी त्याला सांगितलं, अरे, तुझं पाकीट परत केलं तेव्हा मला वाटलं ही माझी ऐपत. ऐपत नव्हती रे माझी. दुसरंच कुणीतरी भरत होतं आणि मला कळू देत नव्हतं. तर म्हणाला, दादा, मला माहीत होतं. चौदा महिन्यांची औषधं पाच शिकवण्यांत येत नाहीत, मी हिशेब केला होता. म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, तुझ्याजवळ तेवढंच उरलं होतं."

ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. "अप्पा, माझं चुकलं. मी यादी वाचली नाही."

"वाचली नाहीस, हे चुकलंच. एवढं शिकवलं मी," ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशीत ओळखीचं काहीतरी हललं. मग ते गेलं. "पहिल्या दिवशी फार वाईट वाटलं मला. खोटं का सांगू. वाटलं, तुंगेला तोंड कसं दाखवू. दर श्राद्धाला तिच्यापुढं बढाई मारत होतो." त्यांनी तक्ता तिच्याकडे सरकवला. "घे. तू मागितला होतास ना. सही केली आहे."

मिळालेल्या लाभाचे स्वरूप, असं छापलेल्या रकान्यात त्यांच्या चित्रकाराच्या हातानं कन्नडमध्ये एक ओळ होती, ठसठशीत, प्रत्येक अक्षर पोट, कान, वेणी सांभाळून काढलेलं. तिच्यासाठी सोपं म्हणून सुटंसुटं लिहिलेलं. तिनं बोट ठेवून वाचलं. हदिनैदु, पंधरा. वर्ष. तले, म्हणजे डोकं. एत्ति, उचलून. नडेदे. चाललो. पंधरा वर्षं मान वर करून चाललो. ती परत पहिल्या अक्षरापासून वाचायला लागली आणि दुसऱ्या खेपेला तिला मधेच दिसेनासं झालं. अप्पांनी तिची कॉफी तिच्याकडे ढकलली. "निवली. पी. आणि मला आज तुझ्या स्कूटरवर घे. शनिवार आहे."

तक्ता तिनं अहवालाला जोडला नाही. तो तिनं सासूच्या फोटोमागे ठेवला, आणि तिथं चौदा महिन्यांच्या पावत्यांची जुनी गड्डी होती, तिच्याशेजारी तो अगदी बेताचा मावला. मग दोघं निघाली. अप्पा स्कूटरवर मागे बसले, एका बाजूला पाय टाकून, मांडीवर पिशवी धरून. रुग्णालयात ते कुणाला काही विचारत थांबले नाहीत. ओसरी, औषधांचा कक्ष, पाण्याचा माठ, डावीकडे वळण. पंधरा वर्षांत वाट विसरली नव्हती. चार नंबरच्या खिडकीसमोरच्या बाकावर ते बसले आणि ऋचा शेजारी बसली. खिडकीत आता वर्षिणी होती, गंगाधररावांनी तयार केलेली, अजून तिशीही न ओलांडलेली मुलगी.

खिडकीशी एक बाई उभी होती. शेजारी खाली नवी चादर गुंडाळलेलं बाळंतिणीचं बोचकं, आणि मागे भिंतीला टेकून तिची लेक, दोन दिवसांच्या बाळाला घेऊन. बाईनं पदराच्या गाठीला हात घातलेला होता आणि ती गाठ सुटत नव्हती. वर्षिणी कागदांवरून मान वर न करता, सहज, दुधाचा भाव विचारावा तशी म्हणाली, "आज घरी जेवायला किती जण, अम्मा?" बाईचा हात गाठीवरून निघाला आणि ती बोटं मोजायला लागली. सासरा, तो, ही, धाकटी. मग बाळाकडे बघून हसली आणि आणखी एक बोट दुमडून परत उघडलं. वर्षिणीनं आकडा सांगितला. बाईनं गाठ सोडून नोटा मोजल्या, एकेक सरळ करून, आणि खिडकीत ठेवल्या. आतून पावती आली. वर्षिणीचा दुसरा हात वहीवर खाली गेला. पेन्सिल होती त्या हातात.

बाईला वाचता येत नसावं. तिनं पावती उलटीसुलटी पाहिली, चार घड्या घालून पोलक्यात ठेवली, आणि लेकीला म्हणाली, चल, झालं सगळं. बोचकं तिनं स्वतः उचललं. बाकापुढून जाताना तिचा खांदा अप्पांच्या खांद्याला लागला आणि ती थांबली नाही, दारातून उन्हात गेली, सरळ.

अप्पा ती दिसेनाशी होईतो बघत राहिले. मग ऋचाकडे न बघता, हळूच म्हणाले, "हिला पत्र पाठवू नकोस हं."